हत्तीच्या वाटणीचा काढा

ऐन पावसाचा, काढे-पथ्याचा कर्कडकम महिना लागायला दोन दिवस होते आणि देवळाच्या हत्तीनं, नीलांबरननं, खाणं सोडलं. पुढ्यात ताडाची हिरवी झावळी टाकली की तो सोंडेनं उचलायचा, हुंगायचा आणि नको असलेलं पत्र बाजूला सारावं तशी बाजूला सारायचा. गूळ घातलेले भाताचे गोळे कावळ्यांनी खाल्ले.

केरळात भारतप्पुळा नदीच्या काठावरच्या त्या गावात हत्ती हा एकच. त्याचा माहूत चात्तुकुट्टी, पन्नाशीचा, काटकुळा, बोलायचा कमी आणि पुटपुटायचा जास्त. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांच्या सावलीत होते. देवळाचा कारभार बघणाऱ्या देवस्वम समितीनं तिसऱ्या दिवशी शंकुण्णी वैद्यरना बोलावणं धाडलं.

वैद्यर आले, पाय धुऊन ओट्यावर बसले, हत्तीकडे एकदा पाहिलं आणि चात्तुकुट्टीला म्हणाले, "हात दे."

"माझा? आजारी तो आहे, वैद्यर."

"त्याची नाडी माझ्या चिमटीत मावते का? दे इकडे."

चात्तुकुट्टीनं हात पुढे केला. वैद्यरांनी डोळे मिटून तीन बोटं टेकवली.

"भूक कशी आहे?"

"तीन दिवस कशाला शिवला नाही."

"तुझी विचारतोय."

"माझी? असते आपली. कधी असते, कधी नसते."

"पोट साफ होतं?"

"त्याचं की माझं?"

"तुझं रे! त्याचं मला समोर दिसतंय."

भोवती समितीची माणसं, चहावाला मोयदू आणि देवळात आलेल्या सात-आठ बायका उभ्या होत्या. चात्तुकुट्टीनं मान खाली घालून काय ते सांगितलं. वैद्यर विचारत गेले. झोप लागते का? स्वप्नात काय दिसतं? तहान रात्री जास्त की दिवसा? ताडी किती? राग कुणाचा आला की छातीत जळजळतं? अंघोळ घालताना हत्तीसमोर गायचास, ते कधी बंद केलंस?

या शेवटच्या प्रश्नावर चात्तुकुट्टी एकदम उसळला. "उत्सवात देवाची मूर्ती उचलायला भाड्याचा हत्ती आणला यांनी! का, तर म्हणे त्याचे कान मोठे! एकोणीस वर्षं आम्ही उचलली, तेव्हा कान दिसले नाहीत कुणाला?"

समितीचे सेक्रेटरी गोविंदन नायर आभाळाकडे बघू लागले.

"मिळालं," वैद्यर म्हणाले. "तीन महिने हा माणूस धुमसतोय. झोप नाही म्हणून वात चढला, रागानं पित्त चढलं, वर ताडी आणि सुकी मासळी. पोटातला अग्नी विझत आलाय. आणि ते जनावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत याच्याच अंगाचा वास घेतं, याचंच पुटपुटणं ऐकतं. नुसतं दुखणाऱ्या जागेवर औषध लावून भागत नाही, नायर. माणूस काय खातो, कधी निजतो, कुणाबरोबर राहतो, सगळं बघावं लागतं. हत्तीचंही तेच. तो या माहुताबरोबर राहतो. काढा माहूत घेईल."

"आणि हत्ती?"

"हत्ती बघेल."

एकवीस दिवसांचं पथ्य ठरलं. उजाडायच्या आत उठायचं, अंगाला तेल चोळायचं, कोमट पाण्यानं न्हायचं, मग काढा. दोन्ही वेळा औषधी पेज. ताडी, मासळी, मिरची आणि दुपारची झोप बंद. रागही बंद.

काढा इतका कडू होता की पहिल्या घोटाला चात्तुकुट्टीच्या डोळ्यांसमोर त्याचे दिवंगत वडील उभे राहिले. पण खरा जाच काढ्याचा नव्हताच. हत्ती गावाचा, म्हणून आता चात्तुकुट्टीचं पोटही गावाचं झालं.

मोयदूनं त्याला चहा नाकारला. "तू प्यायलास आणि तिकडे हत्तीला जळजळ झाली तर? देवळाची माणसं माझं दुकान ठेवतील का?"

"अरे, अर्धा तरी दे."

"अर्ध्या चहानं अर्धा हत्ती आजारी पडेल. चल, नीघ."

ताडीच्या गुत्त्यावर तर त्याला बघताच मडकी झाकली. गोविंदन नायर रोज सकाळी दारात येऊन म्हणायचे, "चात्तुकुट्टी, जीभ दाखव." नाक्यावर अनोळखी म्हाताऱ्या विचारायच्या, "बाळा, आज साफ झालं ना?" बायको पारुकुट्टीला विहिरीवर बायका गाठून चौकशी करायच्या, आणि तीही कंटाळून मोठ्यानं सगळ्यांना एकदमच सांगून टाकायची.

"अहो, चिडू नका," ती घरी म्हणायची. "तुम्ही चिडलात की तो सोंड आपटतो म्हणतात."

"मी चिडलेलो नाही!" चात्तुकुट्टी ओरडायचा. आणि खरोखर, देवळाकडून सोंड आपटल्याचा आवाज यायचा. निदान शेजाऱ्यांना तरी यायचा.

सहाव्या दिवशी नीलांबरननं दोन केळी खाल्ली. लोकांनी चात्तुकुट्टीला हार घातला. नवव्या दिवशी हत्तीनं पुन्हा तोंड फिरवलं, तेव्हा तीच माणसं चात्तुकुट्टीच्या घरात शिरून मडकी हुंगू लागली.

"काय खाल्लंस ते सांग!" नायर म्हणाले.

"पेज."

"देवाशपथ?"

चात्तुकुट्टी खाली बसला. "एक बांगडा. तळलेला. तोसुद्धा शेपटीकडचा."

सुतक पडल्यासारखे सगळे कपाळाला हात लावून बसले. पारुकुट्टी तेवढी हसायला लागली आणि तिला हसू आवरेना. तिच्याकडे बघून चात्तुकुट्टीलाही हसू फुटलं. तीन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला. त्या रात्री त्याला अशी गाढ झोप लागली की सकाळी जीभ बघायला आलेले नायर दारात ताटकळले. मग उठून तो हत्तीला नदीवर घेऊन गेला. नारळाच्या काथ्यानं पाठ घासता घासता कधी गुणगुणायला लागला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. दुपारी नीलांबरननं झावळ्यांची अख्खी मोळी संपवली.

पथ्य पुरं होईतो चात्तुकुट्टीच्या गालांवर मांस आलं. पायऱ्या चढताना कुरकुरणारा गुडघा गप्प झाला.

पुढच्या वर्षी नदीपलीकडच्या गावातून चार माणसं आली. त्यांची हत्तीण लक्ष्मीकुट्टी खात नव्हती. "आमचा माहूत पथ्याला कच्चा आहे," ते हात जोडून म्हणाले. "तुमची कीर्ती ऐकली. तिच्यासाठी एकवीस दिवस काढा घ्याल का?"

चात्तुकुट्टी खूश झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी कीर्ती असल्याचं सांगितलं होतं. नीलांबरनला भाच्याच्या हवाली करून तो गेला. तिथे ओट्यावर त्याच्यासाठी चटई अंथरली होती. तो गंभीरपणे काढा प्यायचा आणि हत्तीण त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. तिचा माहूत उण्णीपेरवन शेजारी बसून मासळी खायचा आणि म्हणायचा, "आणखी एक पेला घ्या, चेट्टा, तिला थोडा कमी पडतोय."

आठव्या दिवशी शंकुण्णी वैद्यर होडीतून उतरले. त्यांनी आधी चात्तुकुट्टीकडे, मग काढ्याकडे, मग चौघांकडे पाहिलं.

"गाढवांनो, हा काय नवस आहे, एकानं दुसऱ्याच्या नावानं फेडायला? तिच्याजवळ राहतो कोण? हा की तो?"

उण्णीपेरवननं हातातला मासा पाठीमागे लपवला.

"दे हात," वैद्यर त्याला म्हणाले.

चात्तुकुट्टी तिथेच बसून सगळे प्रश्न ऐकत होता. उण्णीपेरवन अडखळला की तो मधेच सांगायचा, "खोटं बोलतोय, वैद्यर, दुपारी दोन तास घोरतो." मग होडी धरून तो घरी आला. नीलांबरननं त्याला आपादमस्तक हुंगलं, पलीकडच्या हत्तिणीचा वास आला तिथे जास्त वेळ हुंगलं, आणि दिवसभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

त्यानंतर चात्तुकुट्टी पुष्कळ वर्षं जगला. ताडी त्यानं पुन्हा सुरू केली, पण बेतानं. दरवर्षी कर्कडकम लागला की कुणी न सांगता वैद्यरांकडे जाऊन तो काढ्याची पुडी आणायचा. कुणी छेडलं की कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "मला काय धाड भरलीय? त्याच्यासाठी घेतो."