दोन पानांत न मावणारे अप्पा

त्या काळी लातुरात दहावी झालेल्या पोरीला कुणी "काय शिकतेस?" असं विचारत नसे. "कोणत्या सरांकडं लावलंय?" असं विचारत. मला फिजिक्सला एक सर लावले होते, केमिस्ट्रीला दुसरे आणि बायोलॉजीला तिसरे. तिघांच्या क्लासमधून सायकल हाणत फिरताना मला डॉक्टर व्हायचं नाही हे फार लवकर कळलं होतं. घरात सांगायला मात्र बारावीची परीक्षा तोंडावर यावी लागली. ते ऐकल्यावर माझे वडील, म्हणजे अप्पा, काही दिवस जेवताना ताटातल्या आमटीकडं बघूनच बोलायचे.

शेवटी नांदेडच्या मामांनी मध्यस्थी केली. बंगळूरच्या एका कॉलेजाचं माहितीपत्रक त्यांनी कुठून तरी मिळवलं. तिथं इतिहास, भाषा, समाज असलं सगळं शिकवत. अर्जाबरोबर इंग्रजीत एक निबंध मागितला होता, घरातल्या एका आठवणीवर. विषय एका ओळीचा आणि सूचना पानभर. निबंध टाइप केलेला हवा. दोनच पानं. अक्षर बारा पॉइंटचं, साधं. ओळींमध्ये डबल स्पेस. चारी बाजूंना इंचभर समास. नाव कुठंही नको. यातलं काहीही चुकलं तर निबंध न वाचता बाद.

मी निबंध लिहिला, पण अप्पांना दाखवला नाही. त्यांनी विचारलं की मी "अजून कच्चा हाय" म्हणायचे. कारण निबंध त्यांच्यावरच होता.

अप्पांचं बी-बियाण्याचं दुकान होतं आणि शेजारीच चाचांचं डीटीपीचं. चाचांच्या घरात आजोबांपासून छपाईचा धंदा. लातुरातली निम्मी लग्नं त्यांच्या पत्रिकांवर लागलेली. मी कागद देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांबरोबर प्रिंट घ्यायला गेले.

चाचांनी प्रिंट मोठ्या कौतुकानं समोर ठेवली. पानाभोवती द्राक्षांच्या वेलीची चौकट, मथळा वळणदार सावलीच्या अक्षरांत, आणि सगळ्यात वर गणपती.

"चाचा, हे काय?"

"शुभ काम हाय बेटा. वर कोरं कसं सोडायचं? तुमच्या लोकांचं काम म्हणून गणपती टाकला."

मी सूचनांचा कागद पुढं केला. चाचांनी तो चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला. "मतलब बिलकुल सादा?" ते इतके खिन्न झाले, की अप्पांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला. गणपती काढताना चाचा पडद्याकडं बघून हळूच "माफ करा" म्हणाले.

मग डबल स्पेस आला. अप्पा पडद्यात डोकं घालून म्हणाले, "चाचा, ओळी इतक्या लांब का पेरल्या? मधी तुरीचं आंतरपीक घ्यायचंय का?"

"पोरगी म्हणते नियम हाय."

"आणि नाव कुठंय हिचं?"

"नाव टाकायचं न्हाई, अप्पा," मी म्हणाले.

"नावच न्हाई तर ॲडमिशन कुणाला देतील? ज्याला सापडलं त्याला?"

दुकानात औशाकडचे एक गृहस्थ पुतण्याची लग्नपत्रिका घ्यायला बसले होते. त्यांनाही ही शंका रास्त वाटली. नाव अर्जावर असतं, निबंधावर नंबर असतो, हे त्या दोघांना समजावता समजावता माझं लक्ष चाचांवरून उडालं. तेवढ्यात ते चुका तपासायला म्हणून निबंध मोठ्यानं वाचायला लागले. चाचांना इंग्रजी बरं यायचं आणि ऐकणाऱ्यांसाठी मराठी करून सांगायची त्यांना हौस होती.

"अप्पा," ते मध्येच थांबून म्हणाले, "हे तर तुमच्यावरच लिहिलंय की!"

मी लिहिलं होतं ते असं. भूकंप झाला त्या पहाटे मी पाच वर्षांची होते. विसर्जनाच्या मिरवणुकीनं दमून सगळे गाढ झोपलेले. जमीन हलली, लाइट गेली, भांडी कोसळली. आईनं मला उचललं आणि अंगणात पळाली. मागून अप्पा आले, छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी धरून. अंगणभर फेऱ्या मारत ते त्याला थोपटत होते, "रडू नको माय, मी हाय ना, मी हाय ना." बऱ्याच वेळानं मी आईच्या कडेवरून विचारलं, "अप्पा, ते कोण हाय?" अप्पांनी गोधडी उघडली. आत बैठकीतला लोड होता.

चाचांनी "लोड" म्हटलं आणि औशाचे गृहस्थ इतके हसले, की त्यांच्या हातातला चहा बशीत आला.

अप्पांचे कान लाल झाले. "लिहायचं तर पुरं लिही," ते मला म्हणाले. "अंधार होता. लोड तुझ्याच अंथरुणावर होता. वजन तुझ्याएवढंच होतं. चाचा, टाका हे."

त्यांनी सांगितलं, मी इंग्रजी केलं, चाचांनी टाइप केलं. निबंध तिसऱ्या पानावर गेला.

"समास जरा कमी करतो, कुणाला कळतंय?" चाचा म्हणाले. मी नाही म्हणाले. "अक्षर बारीक करू?" मी नाही म्हणाले. "मग ओळी जवळ घेऊ, आंतरपीक बंद." तेही नाही. अप्पांसाठी जागा करायची तर दुसरं काहीतरी काढायला हवं होतं, आणि काढावं असं काही मला सापडेना.

औशाच्या गृहस्थांचं हसू तोवर ओसरलं होतं. "त्या दिसांत लातूरहून लई टेम्पो आलते आमच्याकडं," ते म्हणाले. "पाणी, भाकरी, कपडे. न्हाईतर आमचं कठीण होतं."

"अप्पा पण जायचे," मी म्हणाले. "दुकानाचा टेम्पो घेऊन. किल्लारीकडं."

मला एवढंच ठाऊक होतं. आमच्या गल्लीत नुसते भिंतींना तडे गेले. तिकडं गावंच्या गावं गेली. अप्पा तिथून परत आले की आंघोळ करून न जेवता पडून राहायचे. लोडाची गोष्ट आई दर पाहुण्याला सांगायची; टेम्पोची घरात कधीच कुणी काढली नाही.

"मग हेच लिहा की, बाई," गृहस्थ म्हणाले.

"ते न्हाई लिहायचं," अप्पा पटकन म्हणाले. मग चाचांकडं वळले. "चाचा, माझं सांगितलेलं काढून टाका. लोड ऱ्हाऊ द्या. हसले तर हसले."

निबंध परत दोन पानांत बसला. प्रिंट निघाली तेव्हा अप्पांनी बियाण्याच्या कंपनीकडून आलेली पट्टी दुकानातून आणली आणि चारी समास स्वतः मोजले.

निबंध पसंत पडला आणि मुलाखतीचं पत्र आलं. आम्ही बसनं बंगळूरला गेलो. मी आत जेमतेम बोलले. बाहेर आले तर अप्पा मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बेळगावकडच्या एका पालकाला लोडाची गोष्ट सांगत होते, थोपटण्याच्या अभिनयासकट. माझं नाव दुसऱ्या यादीत लागलं.

बातमी गल्लीत पसरली. समोरच्या काकू आपल्या पोराला घेऊन आमच्याकडं आल्या. "सीईटी न देता ॲडमिशन झालं म्हणे? दोन पानांवर?"

"हाव," आई म्हणाली.

"कोणत्या सरांकडं लावला होता हो हा दोन पानांचा क्लास?"

"क्लास न्हाई ओ. घरीच लिहिलं तिनं."

काकूंनी आईकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि पोराचा दंड धरून निघून गेल्या. मी बंगळूरला निघाले तरी त्या आईशी बोलत नव्हत्या.