तीन फ्यूज आणि गाठ मारलेला रुमाल

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या डब्याबरोबर वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात कारणंही चिकटवते – वायरिंग जुनं असेल, झोप झाली नसेल, घरात मांजर असेल. माझं कामच तसं आहे. मीटरवर जे दिसत नाही ते माझ्या रिपोर्टमध्ये येत नाही. तरी हे लिहितेय, कारण ऑक्टोबरपासून मी यालाही एखादं कारण चिकटतंय का ते बघतेय... अजून चिकटलेलं नाही.

मी मोठ्या इमारतींच्या गच्चीवर बसवलेले हीट पंप सुरू करून देते. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी समजा. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढायची आणि ती पाण्याला द्यायची. परळला एका ट्रस्टचं आठ मजली वसतिगृह आहे, गावाहून पेशंटबरोबर आलेले लोक तिथे राहतात. त्यांच्या आंघोळीच्या पाण्यासाठी नवीन युनिट बसवलं होतं. दसरा होऊन चार दिवस झाले होते.

नवीन युनिटला आदल्या दिवशीच सप्लाय देऊन ठेवावा लागतो, कॉम्प्रेसरच्या पोटातलं तेल आधी कोमट व्हावं म्हणून. ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी गच्चीवर गेले, कॉम्प्रेसरला खालून हात लावून बघितला, छान ऊब लागली, मग स्टार्ट दिला. युनिट गुणी बाळासारखं चालू झालं. पुढचं काम धीराचं असतं. गॅसचा व्हॉल्व्ह पाव आटा फिरवा, पंधरा मिनिटं थांबा, प्रेशर आणि तापमान लिहा, पुन्हा पाव आटा. मला हे काम मनापासून आवडतं. घरी कोणी मला इतका वेळ गप्प बसू देत नाही.

साडेअकराच्या सुमारास वायरिंगच्या बॉक्समधून गुणगुण ऐकू आली. एखादा स्क्रू सैल असणार. मी कंट्रोलरवरून युनिट थांबवलं, पण नुसतं थांबवून भागत नाही, बॉक्समध्ये करंट असतोच. मेन स्विच तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये. तिथे सचिन होता, वसतिगृहाचा इलेक्ट्रिशियन. त्याला फोन लावला.

"सचिन, हीट पंपचा मेन बंद कर."

"एक मिनिट हां मॅडम... केला ऑफ."

माझ्यासमोरचा डिस्प्ले विझला. आमच्या कंपनीचा नियम आहे की बंद केलेल्या स्विचला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, पण माझं कुलूप वडाळ्याच्या साइटवर राहिलं होतं. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम. मी बॉक्स उघडला आणि तिन्ही स्क्रू आवळले. एक वायर बोटांनी धरून, ओढूनसुद्धा बघितली.

बॉक्स बंद करतेय तोच सचिनचा फोन.

"मॅडम, सातव्या-आठव्या मजल्यावरची माणसं बोंब मारतायत. नळाला पाणीच नाय. तुम्ही काय केलंत काय?"

हीट पंपचा आणि साध्या नळाचा काय संबंध? मी टूलबॅग खांद्याला अडकवली आणि खाली गेले. पॅनलवर दसऱ्याचा झेंडू अजून सुकत होता. दोन स्विच शेजारी शेजारी. 'हीट पंप' लिहिलेला खाली पाडलेला, 'बूस्टर पंप' लिहिलेला, म्हणजे वरच्या मजल्यांना पाणी चढवणाऱ्या पंपाचा, चालू. सचिनने 'हीट पंप'चं हँडल वर केलं, आणि भिंतीपलीकडे बूस्टर पंपाची मोटर सुरू झाली.

तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे.

"पूजेच्या आधी पॅनल पुसला ना मॅडम... लेबलं निघाली. मग मीच परत चिकटवली. आईशपथ, बरोबर चिकटवली असं वाटलं."

म्हणजे त्याने बूस्टर बंद केला होता. हीट पंपचा स्विच सगळा वेळ चालूच होता आणि मी ती वायर बोटांनी धरून ओढली होती. मी तिथल्या स्टुलावर बसले. डोळ्यांसमोर माझ्या लेकीची शाळेची बॅग आली, का कोण जाणे.

मग डिस्प्ले विझला कसा?

सचिनने तो दुसरा, 'बूस्टर पंप' लिहिलेला पण खरा हीट पंपचा स्विच बंद केला आणि त्याचं दार उघडलं. आत फ्यूज नव्हते. तिन्ही जागा रिकाम्या. आता हे नीट समजून घ्या – हँडल चालू असताना त्या स्विचचं दार उघडतच नाही, तशी खीळच असते. आणि मी फोन करेपर्यंत युनिटला सप्लाय होता. सचिन रडकुंडीला आला. "मी हात पण नाय लावला मॅडम, कॅमेरा बघा." नंतर आम्ही खरंच बघितला. मीटर रूममध्ये सकाळपासून मी खाली येईपर्यंत त्याच्याशिवाय कोणी गेलं नव्हतं आणि त्याने एकाच हँडलला हात लावला होता.

मी नवीन फ्यूज लिहून द्यायला पेन शोधत बॅगेचा बाहेरचा कप्पा उघडला. आत एक पांढरा जेन्ट्स रुमाल, वर घट्ट गाठ. गाठीत तिन्ही फ्यूज होते. अजून गरम.

ती गाठ मी ओळखते. तावडेकाकांची. मला काम शिकवलं ते त्यांनी. जुने वायरमन, कुलूपबिलूप मानायचे नाहीत. काम सुरू करण्याआधी फ्यूज काढायचे, रुमालात बांधायचे आणि खिशात टाकायचे. "खिशातला फ्यूज कोण चालू करणार सांग," म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेल्यात जमा. त्या खाटेवर त्यांना बघवेना म्हणून मी जाणंच सोडलं. याची लाज वाटते, पण खरं तेच लिहिते.

संध्याकाळी घोडपदेवला गेले. काकूंनी दार उघडलं. "किती दिवसांन इलंस गो!" म्हणाल्या आणि मला आत घेतलं. काका खाटेवर टेकून बसले होते. मी काकूंना विचारलं, काका आज साडेअकराला काय करत होते? "काय करतले? झोपलेले," काकू म्हणाल्या. रुमाल दाखवला. "असे डझनभर आसत ह्यांचे, बाजारात पण मिळतत." त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि धुवायच्या कपड्यांत टाकला.

मी काकांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. लेबलं, स्विच, गाठ. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल, हात पुढे करतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तोंड वाकडं करत, फार कष्टाने, एकच शब्द काढला.

"टे... टेस्टर?"

वायरला हात लावण्याआधी टेस्टर लावून बघायचा, ही त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. माझ्या बॅगेत दोन होते.

"नाही लावला, काका."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी किती वेळ बसले, सॉरी म्हटलं, चहा गार झाला. त्यांनी बघितलं नाही. पाया पडले तेव्हा पायही आखडून घेतला.

फ्यूज बॅगेत कसे आले हे मला माहीत नाही. कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. त्या दिवशी मात्र मी चपला घालताना रडत होते, आणि ते फ्यूजमुळे नव्हतं. काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आज रागावलेत ते. उद्या ये गो."

दुसऱ्या दिवशी मी गेले.