कांडपावरची डॉक्टरीण

शहापूरच्या बाजारात सुदाममामांचं मसाला कांडप केंद्र आहे. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. गावोगावच्या बायका कडक वाळवलेल्या मिरच्या, भाजलेले धणे, हळकुंडं आणि कसकसल्या पुड्या घेऊन येतात आणि नंबर लागेपर्यंत भिंतीला टेकून बसतात. नंबर लागल्यावर तर त्या मुळीच हलत नाहीत. आपला मसाला आपल्या डोळ्यांदेखत कांडला गेला पाहिजे, दुसरीची मिरची आपल्यात मिसळता कामा नये, हा इथला कायदा. तो मोडला तर वर्षभराचं कालवण बिघडतं आणि भांडण त्याहून जास्त टिकतं. आत सगळ्यांचेच डोळे गळत असतात, नाकं वाहत असतात, त्यामुळे कोण का रडतंय हे कुणी कुणाला विचारत नाही. समीक्षाला ही जागा मानवली ती बहुधा याचमुळे.

समीक्षा ही मामांची भाची, जवळच्याच शेणवे गावच्या चंदर फर्ड्यांची थोरली मुलगी. तिशी ओलांडलेली. डोक्याला ओढणी गुंडाळून, तोंडाला मास्क लावून ती यंत्राच्या मुसळांखालून मसाला काढते, चाळते, जाडं राहिलेलं परत टाकते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती मुंबईला एका विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. गावाच्या लेखी अजूनही करतेच आहे. ‘सुट्टीवर आलेय, मामाला जरा मदत’ एवढंच सांगून ती शहापूरला मामांच्या घरीच राहते. दोन वर्षं चालणारी सुट्टी कसली, हे विचारायचा आगाऊपणा गावानं केलेला नाही. गाव भोळं आहे अशातला भाग नाही. पण आपल्या पोरीची अडचण होईल असं काही करायचं नाही, एवढी रीत गाव पाळतं. ह्या रीतीनंच आपला घात केला, असं तिला मध्यंतरी वाटायचं. आता तसं मनात आणायचीही तिला लाज वाटते.

झालं होतं ते असं. चाळिशीपुढच्या खेड्यातल्या बायकांच्या मनाची अवस्था, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं आपलाच तालुका निवडला. परक्या माणसाला बायका काय सांगणार, आपल्याला सांगतील, असा तिचा हिशेब. तिच्या गाइड मॅडमना ती कल्पना फारच आवडली. मग समीक्षा छापील प्रश्न घेऊन ओटीओटीवर बसू लागली. गेल्या पंधरा दिवसांत झोप उडाली असं झालं का? उगाच रडू आलं का? जगून काय उपयोग, असं वाटलं का? उत्तरं ठरलेली: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज. ह्यांतल्या एकावर खूण करायची, की झालं.

बायका केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून बसायच्या. ते बघून समीक्षाला मौज वाटायची. तिला ठाऊक नव्हतं, की त्याआधी नळावर बैठक झालेली असायची आणि अध्यक्षस्थानी वत्सलाआत्या असायच्या. वत्सलाआत्या म्हणजे तिच्या वडिलांची चुलतबहीण, गावातल्या प्रत्येक लग्नाचं जेवण आणि प्रत्येक भांडणाचा निकाल ज्यांच्याशिवाय होत नाही अशी बाई. त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, “चंदरच्या पोरीची परीक्षा हाय. कुणी रडगाणा गायचा नाय. आपुन नीट बोललो तर ती पास व्हयाल.”

झालं. अख्ख्या गावात कुणाची झोप उडत नव्हती, कुणाला रडू येत नव्हतं. नवऱ्याचा मार खाणारीही कधीच नाय आणि सुनेनं चूल वेगळी मांडलेलीही कधीच नाय. एकीनं तर शेवटी हळूच विचारलं, “बरोबर आला ना गो सगळा?” समीक्षा हसली. “ह्यात बरोबर-चूक काही नसतं, मावशी.” मावशींचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. बरोबर-चूक नसेल तर ती परीक्षा कसली?

त्या दिवशी समीक्षाला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं. तिथंच थांबून, परीक्षा नाही, गुण नाहीत, हे सगळ्यांना समजावून पुन्हा पहिल्यापासून विचारायला हवं होतं. पण मॅडमचा रोज फोन यायचा, मुदत जवळ आली होती, आणि आकडे तर इतके सुरेख पडत होते. ती पुढं गेली. पुढचं घर गिरजाकाकूंचं होतं.

फर्ड्यांचं आणि गिरजाकाकूंचं घर लागून, मधली भिंत एकच. काकूंचा एकुलता शेखर वाशिंदला कारखान्यात होता. त्याच्या वर्षभर आधी हायवेवर शेखरच्या बाइकला ट्रेलरनं उडवलं होतं. तेव्हापासून रोज पहाटे, कोंबडं आरवायच्याही आधी, भिंतीपलीकडं काकू रडायच्या. मोठ्यानं नाही, तोंडात पदर कोंबून. समीक्षा घरी असली की अभ्यासाला उठलेली असायची आणि तिला सगळं ऐकू यायचं. तर त्या काकूंना तिनं विचारलं, “काकू, उगाच रडू येतं का?” काकू थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, “नाय.” समीक्षानं ‘कधीच नाही’वर खूण केली. संशोधकानं लोकांचं उत्तर बदलायचं नसतं, हा नियम तिला त्या क्षणी बरा आठवला.

मॅडम खूश झाल्या. खेड्यातला एकोपा, एकमेकींचा आधार, त्यानं मनं कशी निरोगी राहतात, असा शोधनिबंध दोघींच्या नावानं छापून आला. परिषदेत समीक्षानं तो वाचला, टाळ्या पडल्या. एका पेपरात ‘हसरं गाव’ म्हणून चौकटही आली आणि ती वडिलांनी देवाच्या तसबिरीखाली चिकटवली. मग एक दिवस एका संस्थेच्या बाईंचा फोन आला. शेणव्यात दर आठवड्याला मनाच्या आजारांसाठी मोफत दवाखाना सुरू करायचं त्यांचं ठरत आलं होतं. “पण तुमचाच अभ्यास वाचला,” बाई म्हणाल्या, “तिथं गरजच दिसत नाही. आम्ही तो दुसऱ्या तालुक्यात नेतोय. छान काम केलंत हं.”

त्या दिवसापासून तिच्या हातून प्रबंधाची एक ओळ लिहून झाली नाही. मॅडमना तिनं ‘घरगुती अडचण’ एवढंच कळवलं आणि बाडबिस्तरा आवरला. हे कुणी बाणेदारपणात धरू नये. निबंध चुकीचा आहे, हे तिनं ना मॅडमना सांगितलं, ना त्या संस्थेला. ज्या विषयासाठी घराबाहेर पडली त्याला पाठ दाखवून ती मिरचीच्या धुरळ्यात येऊन लपली, एवढंच खरं. दवाखान्याची गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती. ती कळू नये आणि काकूंचं रडणं आपल्याला ऐकू येत होतं हे तर मेल्यावरही कळू नये, एवढंच मागणं घेऊन ती दिवस काढत होती.

आणि यंदा चैत्रात वत्सलाआत्या गिरजाकाकूंना बरोबर घेऊन कांडपावर आल्या. दोघींचे डबे ओळीत लागले. आत्यांनी बसकण मारायच्या आतच बातमी फोडली.

“हनुमान जयंतीला तुझा सत्कार हाय गो. शाल, नारळ सगळा आणलाय. बॅनर पण छापून झाला. डॉक्टर समीक्षा चंदर फर्डे. फोटो कसला भारी आलाय.”

“आत्या, अहो, पदवी कुठं मिळालीय अजून?”

“मिळंल की. आमी आधी छापला म्हनून काय अडलं?”

समीक्षाच्या हातातली चाळण थांबली. हनुमानाच्या पालखीपुढं, सगळ्या गावासमोर, त्याच बायकांच्या हातून खांद्यावर शाल घ्यायची, ते तिच्यानं होणार नव्हतं. मामांनी यंत्र थांबवलं होतं. आता गिरजाकाकूंचा नंबर होता, त्या आपला मसाला परातीत ओतून घेत होत्या.

“मी सोडलं, आत्या.” तिनं मास्क खाली ओढला. “शिक्षण सोडलं. दोन वर्षं झाली. मी काही डॉक्टर होणार नाही.”

आत्यांचा आवाज एकदम खाली आला. “का गो? आमी काय चुकीचा बोललो काय? आमी तर सगळ्यांना नीट पढवून ठेवलेला.”

“सगळ्यांनी सारखंच सांगितलंत, आत्या.”

“म्हंजे आमीच तुला नापास केला.”

वत्सलाआत्यांसारख्या बाईचं तोंड एवढंसं झालेलं समीक्षानं कधी पाहिलं नव्हतं. ह्या वेळी तिनं लगेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. क्षणभर का होईना, दोष परस्पर दुसरीकडं जातोय हे तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे कळताच ती शरमेनं अर्धी झाली.

“नाही आत्या,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या भल्यासाठी बोललात. ते खरं नाही, हे मला माहीत होतं, तरी मी लिहून घेतलं.” आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. छापून आलं ते, टाळ्या, आणि शेणव्यात येणारा दवाखाना त्यामुळं दुसरीकडं गेला ते. मामा यंत्र चालू करायचे विसरले. भिंतीला टेकलेल्या बायका नाक पुसायच्या थांबल्या. आत्यांना दवाखान्याचं पुरतं उमगलं नसावं. त्या म्हणाल्या, “बॅनरवरच्या त्या डॉक्टरवर कागद चिकटवू. सत्कार करू आमी. इतकी शिकलीस तर खरी.” कुणी हसलं नाही.

गिरजाकाकूंची नजर परातीवरच होती. तशाच त्या बोलल्या.

“मी काय परीक्षेसाठी नाय बोलले तसा.”

समीक्षा त्यांच्याकडं वळली.

“आपली भिंत एक हाय. मी रडाय लागले का वरच्या फटीतून दिसनारा तुझा दिवा विझायचा. मला कळायचा, पोरगी ऐकतेय. बरा वाटायचा, कुनीतरी ऐकतेय म्हनून.” काकूंनी परातीतलं मिरचीचं एक देठ वेचून बाजूला टाकलं. “तू इचाराय आलीस, तवा मी मनात ठरवला, आज हिला शेखरचा सगळा सांगायचा. तू इचारलास, रडू येतं काय. मी तुझ्याकडं बघितला. तू कागदाकडं बघत होतीस. मी जरा वाट बघितली. तू वर बघितलाच नाय. मंग बोलले, नाय.”

काकूंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर समीक्षाला तो झेलता आला असता. लोकांचं मन कसं जाणायचं ह्यावर तिनं आयुष्यातली उमेदीची वर्षं घातली होती, आणि एक बाई तिच्यासमोर बसून तिनं मान वर करायची वाट पाहत होती. तिला तोंड लपवावंसं वाटलं, पण आता लपवायला जागा उरली नव्हती. ती काकूंच्या समोर, मसाल्याच्या सांडलवंडीत, खाली बसली.

“काकू, आता सांगाल? माझ्याकडं कागद नाही. शेखरदादाचं सांगा. रडू येतं ना अजून?”

काकूंनी आज पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. तिखटानं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काकूंचे डोळे कोरडे होते.

“नाय गो,” त्या म्हणाल्या. “आता खरंच नाय येत. पहाटेला उठून बसते, तरी नाय येत.”