घटाआधीचा गालिचा

आमच्या घरात गालिचा धुवायचं यंत्र आलं ते माझ्या भीतीपोटी. हौस नव्हती की शेजारणीशी चढाओढ नव्हती. मला पंचगंगेची भीती वाटायची आणि सासूबाईंना वाटत नव्हती. निदान मला तसं दिसत होतं.

कोल्हापुरात घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघालं पाहिजे. चादरी, वाकळा, घोंगडी, पडदे, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. पितृपंधरवड्यात अख्खं गाव गठ्ठे घेऊन नदीवर, रंकाळ्यावर लोटतं. माझं माहेर गडहिंग्लजचं. तिथं आम्हीही धुवायचो, पण विहिरीच्या काठावर, बादलीनं पाणी काढून. पाण्यात उतरून धुणं मला कधी झेपलं नाही.

आमच्या धुण्यात एक गालिचा असायचा. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता, तिथला. एकेकाळी तो लालभडक असावा, मी आले तेव्हा विटेच्या रंगावर आला होता. कितीतरी नवराबायकांनी त्याच्यावर उभं राहून पहिला फोटो काढून घेतला होता. सासरे गेले, स्टुडिओ बंद झाला, कॅमेरे विकले गेले आणि गालिचा घरी आला. नवरात्रात तो घटापुढं अंथरायचा. पण गावाचे पाय लागलेली वस्तू, म्हणून वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय घटापुढं आणायची नाही, हा सासूबाईंचा कायदा. आणि धुवायचा त्यांनीच, स्वतः पाण्यात उभं राहून.

कोरडा असताना तो आम्ही दोघी सहज उचलायचो. ओला झाला की चार माणसांशिवाय हलत नसे. यंत्र यायच्या आदल्या वर्षी नदीला पाणी जास्त होतं. वर कुठंतरी पाऊस झाला की इथं ऊन असताना पाणी चढतं. सासूबाई गुडघाभर पाण्यात होत्या. गालिच्याचं टोक धारेला लागलं आणि धारेनं तो ओढला. त्यांनी सोडायला पाहिजे होता. त्यांनी सोडला नाही. पायरीवरून पाय सुटला, कंबर पाण्यात गेली, मी वरून ओरडत राहिले. शेजारी वाकळ धुणाऱ्या एका बाईनं त्यांच्या कमरेला मिठी मारली म्हणून त्या थांबल्या. बाहेर आल्यावर पदर पिळत म्हणाल्या की काही झालं नाही, पायरी शेवाळलेली होती एवढंच.

मला मात्र पुढचं वर्षभर ते दिसत राहिलं. भात चढवताना, शाळेत मुलांच्या वह्या तपासताना, मध्येच. मूळचीच मी काळजीखोर. ह्यांना शिरोलीहून कारखान्यातनं यायला अर्धा तास उशीर झाला तरी मी फाटकात जाऊन उभी राहायची. श्रावण लागला तसं मी ह्यांना सांगून टाकलं, यंदा आत्ती, म्हणजे सासूबाई, नदीवर जाणार नाहीत, काहीतरी यंत्र बघा.

हे फाउंड्रीत सुपरवायझर, सगळं मोजून घेणारे. लक्ष्मीपुरीत एका दुकानात नवीन वॉशिंग मशीन आलं होतं ते बघायला आम्ही दोघं गेलो. ह्यांनी खिशातनं टेप काढून मशीनचं तोंड मोजलं, गालिच्याचं माप कागदावर होतंच. दुकानदार हसून म्हणाला की गालिचा यात घातला तर मशीनच गालिच्यात गुंडाळून न्यावं लागेल. भला माणूस, नाहीतर खपवलं असतं त्यानं.

मग घरोघर फिरणारा एक विक्रेता आला. टाय लावलेला, हातात निळी पेटी. धूळ ओढायचं यंत्र, आणि त्याला जोडायची एक बाटली, तिच्यात साबणाचं पाणी घातलं की ब्रशातून फेस येतो आणि गालिचा जागच्या जागी धुतला जातो. नदी नको, उचलाउचल नको. मला तर तो देवानं धाडल्यासारखा वाटला. त्यानं तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती घेऊन गालिच्यावर पसरली. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यानं ती यंत्रानं ओढून घेतली आणि मोठ्या अभिमानानं आमच्याकडं पाहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "पावणं, घाण तुम्हीच टाकली आन् तुम्हीच काढली. त्यात गालिचा कुठं धुतला?"

तरी आम्ही ते घेतलं. त्यांनी नको म्हटलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. त्यांचा स्वभाव बघता चार दिवस तरी घर डोक्यावर घ्यायला हवं होतं.

पितृपंधरवडा सरत आला तशी आम्ही गच्चीवर गालिचा पसरला. यंत्र घरघरलं, फेस आला, ब्रश फिरला. विक्रेत्यानं बजावलं होतं की फेस वाळू द्या, मग ओढून घ्या, पाणी घालू नका. पण फेस बघितला की बाईमाणसाचा हात तांब्याकडं जातोच. साबण लावलेलं पाण्यातनं काढलं नाही तर ते धुतलं कसं? सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून बादल्याच्या बादल्या ओतल्या. जेवढं पाणी ओतलं तेवढा फेस वाढला. गालिचा सगळं पिऊन बसला, आणि यंत्राला एवढं पाणी ओढवेना, ते कण्हून बंद पडलं. संध्याकाळी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी गालिच्याला कुबट वास यायला लागला.

घट परवावर आलेले. सकाळी शाळेला निघताना मी सासूबाईंना तीन-तीनदा सांगितलं की नदीचं नाव काढायचं नाही, यंदा घटापुढं सतरंजी घालू. त्या तांदूळ निवडत होत्या. व्हय म्हणाल्या.

दुपारी आले तर दाराला कुलूप. बाहेरच्या जिन्यानं वर गेले, गच्चीवर पाण्याचा ओला डाग तेवढा होता, गालिचा नव्हता. समोरच्या बाई म्हणाल्या की सासूबाईंनी हातगाडी बोलावली, चार गडी लावून ओझं त्यावर चढवलं आणि मागनं चालत गेल्या. मी तशीच रस्त्यावर पळाले. रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला काय सांगितलं ते आठवत नाही, पण तो जोरात निघाला.

घाटावर ही गर्दी. पाणी मागच्या वर्षाएवढंच चढलेलं, गढूळ. वरच्या पायरीवरून मला आधी गालिचा दिसला. तो पाण्यात होता, त्याचं एक टोक हेलकावत होतं आणि भोवती तीन-चार बायका होत्या, त्यात सासूबाई नव्हत्या. मी खाली पळत होते आणि प्रत्येक डोक्याकडं बघत होते. त्यांचं राखाडी लुगडं कुठं दिसेना. गेल्या, असंच मनात आलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी घरी काय सांगायचं तेही ठरवायला लागले होते.

"एऽ पोरी, हितं."

त्या माझ्या मागं होत्या. पाण्यापासून बऱ्याच वर, एका छोट्या देवळाला पाठ लावून बसलेल्या. लुगडं कोरडं, पाय कोरडे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि रागानं बोलायला लागले, म्हणजे तोंड उघडलं, पण रडूच आलं. त्यांनी मला बसायला जागा केली. मग नदीकडं बघत म्हणाल्या, "खाली जायला निघाले हुते. पाण्याजवळ आले आन् पाय उचलंना. त्या बायका म्हणल्या, आजी, तुम्ही बसा, आम्ही आपटतो."

मी पदरानं डोळे पुसले.

"मला लई भ्या वाटतंय गं. मागल्या वर्सापासनं. न्हाणीत जास्त पाणी साचलं तरी वाटतंय."

मग आलात कशाला, असं मी विचारलं. खाली बायका गालिचा दगडावर आपटत होत्या.

"यंत्र आणलं तवा बरं वाटलं मला. पर त्याचं झालं हे असं. आता मी न्हाय म्हणलं असतं, तर तुम्ही दोघं म्हणला असता, म्हातारी खचली. एकदा तसं म्हणलं की मग घरातलं एकेक काम हातातनं जातंय बघ."

आणि मी वर्षभर तेच तर करत होते. जड उचलू नका, ओल्यात जाऊ नका, जिना चढू नका. मला वाटे, काळजी घरात मी एकटीच करते.

बायकांना गालिचा वर ओढता येईना. एकीनं हाक मारली, कुणीतरी टोक धरायला या. मी पदर खोचला आणि उठले. पाण्याची भीती होतीच, पण त्या परक्या बायका आमच्यासाठी राबत होत्या.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं. "तू जाऊ नगंस," म्हणाल्या.

मी म्हटलं, आत्ती, वरच्याच पायरीवर उभी राहीन.

"न्हाय. जायचं न्हाय."

दुसऱ्या कुणीतरी जाऊन टोक धरलं. गालिचा बाहेर आला, पायरीवर पसरला, त्याच्यातनं पाणी निथळत खाली गेलं, तरी त्यांनी हात सोडला नव्हता. घरी येऊन मी चहा ठेवला तेव्हा पाहिलं, मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.