जावेच्या वाटीतले खजूर

धाकट्या जावेला दिवस गेले आणि तिचं रक्त कमी निघालं, तेव्हापासून आमच्या घरात तिचे लाड सुरू झाले. सकाळी खजूर, दुपारी डाळिंब. एरवी आमच्या मळ्यातली पालक-मेथी जुड्या बांधून वर्ध्याच्या बाजारात जायची आणि घरी उरायची पिवळी पानं. आता सासूबाई तिच्यासाठी ताजी जुडी बाजूला काढायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दोन बाळंतपणं मीही केली होती, तीही लागोपाठ. मला कोणी खजुराचं बी दाखवलं नव्हतं.

एकदा मी वाटीकडे पाहिलं तर सासूबाई म्हणाल्या, "तिले खाऊ दे व. तुले काय धाड भरली?"

जावेला तपासणीला न्यायचं कामही माझ्याकडेच. उपकेंद्रात तिचं बोट टोचून झालं आणि मी माझं पुढे केलं. दम लागायचा, गोवऱ्या उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण खरं सांगायचं तर मी चिडून बोट पुढे केलं.

नर्सबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, तुमचं तं हिच्याहून कमी हाय!"

मग त्या विचारत गेल्या. पाळीत अंगावरून फार जातं? जातं. जेवता कधी? सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते. सोबत काय? पोळी बुडवायला चहा. तांदूळ निवडताना कच्चे तोंडात टाकता? टाकते, राहवतच नाही. रक्त कमी असलं की असंच होतं, त्या म्हणाल्या. जेवताना चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या आणि मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. जाऊ घाबरली. मी मात्र मनातून खूश होते. अखेर मी तिच्या पुढे गेले होते.

घरी येताच ओसरीवरूनच मोठ्यानं सांगितलं, माझं जास्त कमी आहे म्हणून. सासूबाई भाजी निवडत होत्या. हात पुसून जवळ आल्या, बोटानं स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि हळूच म्हणाल्या, "पाय बरं, माह्यं कसं हाय? मले कोणी पाह्यलंच नाई."

आत लाली नव्हतीच. पांढरं फटक.

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. माझं दुखणं मिरवायला मला एक संध्याकाळसुद्धा मिळाली नाही.