तापीतला रस्ता आणि पुढची सीट

धुळ्याहून चोपड्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीला अमळनेर सोडलं की तापी आडवी यायची. पूल नव्हता. पावसाळ्यात मोटार अलीकडेच थांबे आणि माणसं नावेतून पलीकडे जात. पण दिवाळी सरून पाणी उतरलं की अलीकडच्या काठावरचा लोटन चार गडी घेऊन नदीत उतरायचा. वाळूवर तुराट्या-पऱ्हाट्या अंथरायच्या, वर माती दाबायची, की झाला मोटारीपुरता रस्ता. पुढच्या पावसाळ्यात तापी तो धुऊन न्यायची. “तिनी मोडानं, मी जोडानं,” असं म्हणून लोटन हसायचा.

मोटार वाळूवर आली की तो हात वर करून ओरडे, “उतरा बठ्ठा!” मग वकील असो की फौजदार, मुकाट उतरून मोटारीमागे चालू लागे. एवढा अधिकार कलेक्टरलाही नसेल, असं लोटनला वाटे. थोडी मिजास चढलीच होती, खोटं कशाला सांगा?

बायको मागेच गेली होती. एकुलती एक लेक तानू, तीही तापीपलीकडे, चोपड्याच्या वाटेवरच्या गावात दिलेली. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. माहेरून मुराळी न्यायला आला की त्या हरखून निघतात. तानूला भाऊ नव्हता, म्हणून दोन वर्षं लोटनच पायी जाऊन तिला घेऊन आला होता.

तिसऱ्या वर्षी मात्र त्याच्या डोक्यात हौस शिरली. आपल्या रस्त्यावरून साऱ्या खानदेशाच्या लेकी मोटारीतून माहेरी जातात, मग आपलीच का चालत येईल? त्याने नासीर ड्रायव्हरला गाठलं. “नासीरभाऊ, तुना शेजारनी सीट मन्ही पोरनी. तिले सांगजो, बापनी मोटर धाडी शे, बशी ये.” अलीकडच्या काठावरच्या निंबाला त्याने नवा दोर आणून तिच्यासाठी आखाजीचा झोकाही बांधला.

नासीरने जाताना निरोप दिला आणि परतीच्या फेरीला गावाबाहेर मोटार उभी करून तीनदा भोंगा वाजवला. तानू गाठोडं घेऊन दारात आलीही होती. पण सासू भिकुबाई आडवी झाली. “पोर काय पोतं शे का, मोटरमा टाकी नि धाडी दी? मुराई कोठे शे?” मानाचा सवाल होता, आणि तो चुकीचाही नव्हता. नासीर थोडा थांबला, उतारू कुरकुरले, मोटार निघाली.

वाळूवरूनच लोटनला पुढची सीट रिकामी दिसली.

“अजूनही वेळ आहे, आबा,” नासीर म्हणाला. “उद्या चोपड्याकडे जाताना माझ्याबरोबर चला, परतीला दोघं या.”

आखाजी दोन दिवसांवर होती. मोटारीमागून मोटार येत होती. “मी गवू तं रस्ता कोण सांभाळी?” लोटन म्हणाला. “सण झाया का जासू.” सण झाला. मग लग्नसराई आली, मोटारींना खंड पडेना. उद्या-परवा करता करता तापीला पूर आला.

श्रावणात तानू तापाने गेली. निरोप घेऊन आलेला माणूस पलीकडच्या काठावर पाच दिवस बसून होता, नाव पाण्यात घालायला कुणी धजेना. सहाव्या दिवशी तो नदी उतरून आला. तेव्हा चितेची राखही थंड झाली होती. लोटन निंबाखाली जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. दुसऱ्यांच्या लेकी पार करणाऱ्याला स्वतःची एक लेक आणवली नाही.

दिवाळीनंतर त्याने रस्ता बांधला. पण आखाजीच्या आधी दोन दिवस, ऐन गर्दीत, फावडं गड्याच्या हाती देऊन तो नासीरच्या मोटारीत चढला.

भिकुबाई अंगण सारवत होती. दारात व्याही उभा, डोक्याला स्वच्छ पटका, हातात फडक्यात बांधलेल्या सांजोऱ्या.

“मी मुराई ऊनू,” लोटन म्हणाला.

भिकुबाईने सारवणाचे हात पदराला पुसले. आपण त्या दिवशी आडवं यायला नको होतं, हे तिला कळून चुकलं होतं. ती आत गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. “तिनी सोडंच नही,” ती रडत म्हणाली. “म्हणे, आबा आज ना उद्या येतीन.”

परतताना नासीरने ते गाठोडं शेजारच्या सीटवर ठेवू दिलं. नदी आली. उतारू उतरले, लोटनही उतरला. नासीर गाठोडं त्याच्या हाती द्यायला लागला.

“ऱ्हाऊ दे,” लोटन म्हणाला. “मन्ही पोर बशेल शे.”

मोटार तुराट्या करकरवत हळूहळू पुढे निघाली आणि लोटन तिच्यामागून वाळू तुडवत चालत राहिला.