हलका बाण

रागावण्याच्या बाबतीत पुणं हे काही नवशिक्यांचं गाव नव्हे. तरीही माझ्या मामेसासऱ्यांइतका सातत्याने, सविस्तर आणि सकारण रागावणारा माणूस या शहरात दुसरा झाला नसेल, हे मी लिहून द्यायला तयार आहे. बरं, गृहस्थ मूळचे इथले नाहीत. सगळी नोकरी पार चंद्रपूरकडे, जंगलखात्यात. निवृत्त होऊन कर्वेनगरच्या सोसायटीत राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात दूधवाला, जिन्यात चपला काढणारे, बेल दाबून धरणारे, सगळ्यांची त्यांनी बिनपाण्याने हजामत केली. मी तर जावई. पण त्या नात्याचा मान पहिल्या चहापुरता. दुसऱ्या कपाला "काय करून राहिले बाप्पा तुम्ही!" सुरू व्हायचं ते मी चप्पल घालेपर्यंत.

मामांचा जीव एका धनुष्यात होता. जंगलातून निघताना तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्यांना ते बांबूचं धनुष्य करून दिलं होतं. म्हातारा पुढे वारला, आणि तसं धनुष्य करणारं त्या गावात कुणी उरलं नाही. दर रविवारी सकाळी मामा धायरीला ओळखीच्या एका शेतात जात, पेंढा भरलेलं पोतं उभं करत आणि तासभर बाण मारत. न्यायला-आणायला माझी स्कूटर. माझा रविवार त्यांनी कधी विचारून घेतला नाही. धनुष्याची दोरी अंबाडीची, स्वतः वळलेली. त्या अंबाडीसाठी मार्केट यार्डात जायचं, एकेक धागा ताणून कानाशी वाजवायचा आणि शेवटी "काही दम नाही यात" म्हणून व्यापाऱ्यालाच झापायचं. एकदा तिथला हमाल वैतागून म्हणाला, "आजोबा, दोरी न्यायचीय का तंबोऱ्याची तार?" मामांनी त्यालाही उभं करून अर्धा तास समजावलं.

समजावायचं काय, ते आम्हा सर्वांना पाठ होतं. दोरी बदलली की बाणाचं वजन बदलायचं. जाड दोरी सावकाश सुटते, तिला हलका बाण चालतो. बारीक, न ताणणारी दोरी झटक्यात सुटते, तिला वजनदार बाण लागतो. "बाणानं जो जोर नेला नाही ना, तो मागं फिरून धनुष्यालाच खाते," असं ते बजावत. आणि ते दिवसच असे होते, की पुण्यात जो तो काहीतरी नवीन आणून जुन्याला जोडत होता. सोसायटीने जबरदस्त ताकदीचा पंप घेतला, तेव्हा मामा सभेत उभे राहिले. "दोरी नवी आणली, बाण कुठाय? पाइप जुनेच आहेत तुमचे!" सेक्रेटरी म्हणाले, "आपण धनुष्यबाण घरी ठेवून येत चला." चौथ्या दिवशी सेक्रेटरींच्याच न्हाणीघरातला पाइप फुटला. मी सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, बारा-बारा तास खुर्चीत बसून कंबर धरून हिंडू लागलो, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "नोकरी नवी, पाठ जुनी."

कंपनीने मला सहा महिने अमेरिकेला पाठवलं. येताना मी मामांसाठी तिकडची धनुष्याची दोरी आणली. बारीक, पिळदार, काही केल्या न तुटणारी. मला वाटलं, एकदा तरी हा माणूस शाब्बास म्हणेल. मामांनी दोरी बोटांवर फिरवली, दातांत धरली आणि विचारलं, "हिच्या जोगते बाण?" संताप आला हो! सातासमुद्रापलीकडून वस्तू आणावी आणि वर हा जाब! मग त्यांनी बारा नवे बाण करायला घेतले. सोनाराचा जुना तराजू, वजनाला गुंजेच्या लाल बिया. बाणाच्या टोकाखाली तांब्याची तार गुंडाळायची, तोलायचा, एका गुंजेचा फरक आला की सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून. चार महिन्यांत झाले सहा. माझी दोरी खुंटीवर.

शेवटी एका रविवारी दोरी नुसती चढवून थोडी बसू द्यावी म्हणून त्यांनी धनुष्य धायरीला आणलं. सवयीने जुने बाणही सोबत होते. "हात लावू नका," म्हणाले आणि शेताच्या कडेला टेप लावून मोजणी करणाऱ्या माणसांशी भांडायला गेले. चार महिन्यांचा राग माझ्या डोक्यात होता. दोरी माझी, आणि मीच हात लावायचा नाही? मी एक जुना बाण लावला, ताणला आणि सोडला. बाण पोत्यावरून कुठच्या कुठे गेला. हातात मात्र कडाड असा आवाज झाला आणि धनुष्याची खालची बाजू उभी चिरली.

मामा आले. त्यांनी धनुष्य माझ्या हातातून घेतलं, दोरी उतरवली, चिरेवरून अंगठा फिरवला. मग पोत्यापलीकडे जाऊन गवतातून तो बाण शोधून आणला. परतताना चौकात आमच्या डोळ्यांदेखत एकाने सिग्नल तोडला, तरी मागच्या सीटवर सगळं शांत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दारातच मामींनी धनुष्य पाहिलं. "अहो, हे काय झालं?"

"माझ्याकडून हलका बाण लागला," मामा म्हणाले.

मामींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात या माणसाकडून हलका बाण लागला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. त्या चहा ठेवायला आत गेल्या.

धनुष्य भिंतीवर टांगलं गेलं, पण मामांनी उरलेले सहा बाण करायला घेतलेच. "मामा, आता कशाला?" मी न राहवून विचारलं. "दोरी शाबूत आहे ना?" ते म्हणाले. "इतक्या दुरून आणली तुम्ही." बाकी जगावर रागावणं पूर्ववत सुरू झालं. माझ्यावर मात्र नाही. चुकूनसुद्धा नाही.

मामा गेल्यावर मामींनी बाणांची मोळी, तो सोनाराचा तराजू आणि ती दोरी माझ्या हवाली केली. धायरीच्या त्या शेतावर आता इमारती आहेत. घरी येऊन मोळी सोडली तर बाण तेरा निघाले. तेरावा तोच, मी सोडलेला. त्याच्याही टोकाखाली तांब्याची तार गुंडाळलेली. मी तो तराजूत घातला. बाराही बाणांच्या बरोबरीने भरला, एका गुंजेचाही फरक नाही.

दुधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्या पुण्यावर ओरडले. एकदा माझ्यावर ओरडायला यांचं काय जात होतं?